सात दिवसांत मेथाडोन 'सोडवणाऱ्या' मेसेजला उत्तर

'मेथाडोन : उपचाराच्या नावाखाली विष' असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. शेवटी नेहमीप्रमाणे 'एक जीव वाचवा, पुढे पाठवा'. असले मेसेज मी न वाचता उडवतो. हा उडवता आला नाही, कारण तो माझ्या मामेबहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी मुलाचं केंद्रावर जाणंच बंद केलं. गर्द सुटावा म्हणून तो रोज तिथे जाऊन मेथाडोन, म्हणजे गर्दच्या जागी देखरेखीखाली दिलं जाणारं अफूजन्य औषध, घेत होता. आता दाराला कुलूप, फोन काढून घेतलेला, आणि घरात सगळ्यांची समजूत अशी की पोरगा वाचतोय.

मेसेजात पाच दावे आहेत. मेथाडोन म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी नशा. डोस 40 मिलिग्रॅमच्या वर गेला की शरीर संपतं. हाडं वितळतात. गर्भवतीनं ते ताबडतोब थांबवावं. आणि सगळ्यांवर एकच उतारा : औषध एकदम बंद करा, माणसाला सात दिवस खोलीत ठेवा, भरपूर पाणी पाजा. शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण माणूस मरेल तो याने.

मेसेजकर्ते लिहितात, 'पहिल्या दिवशी रुग्णाला काहीच त्रास होत नाही. यावरून सिद्ध होते की शरीराला या औषधाची गरज नसून ती केवळ मनाची सवय आहे.' काय ते सिद्ध करणं! पहिल्या दिवशी त्रास होत नाही कारण औषध अजून अंगात असतं. मेथाडोनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी एक दिवस लागतो. कुणाला आठ-दहा तास पुरतात, कुणाला दोन दिवसही कमी पडतात. म्हणून शेवटच्या डोसनंतर साधारण 24 ते 36 तास माणूस बरा दिसतो. मग जांभया सुरू होतात, नाक गळायला लागतं, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. त्यापाठोपाठ जुलाब, पोटात पीळ, रात्रभर पाय झाडणं, झोपेचा पत्ता नाही. व्यसनातली मंडळी याला टर्की म्हणतात. चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास ती शिगेला पोचते आणि ओसरायला दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे ज्या दिवशी मेसेजवाले 'मुक्त झालास' म्हणून दार उघडणार, त्याच सुमारास तलफ सगळ्यात जोरात असणार.

आणि दार उघडल्यावर काय? रोजच्या डोसमुळे शरीराला अफूजन्य पदार्थ पेलण्याची जी सवय असते, ती बंदच्या काळात उतरत जाते. तलफ मात्र जागेवरच. असा माणूस बाहेर पडून पूर्वीइतकाच गर्द घेतो, तो आता पेलत नाही, आणि श्वास थांबतो. 'सुटला होता हो, आणि अचानक गेला' असं घरचे सांगतात त्यात बऱ्याचदा हेच घडलेलं असतं.

मी काही डॉक्टर नाही, त्यामुळे माझ्या शब्दावर जाऊ नका. 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला. त्यात 19 अभ्यासगट होते आणि मेथाडोन घेणारे सव्वा लाखाच्या आसपास लोक. उपचार चालू असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसं वर्षभर पाहिली तर) 11.3 मृत्यू, उपचार सुटल्यावर 36.1. नुसत्या ओव्हरडोसचे पाहिले तर 2.6 आणि 12.7. ही माणसं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेली नव्हती, उपचार सोडणाऱ्यांची परिस्थिती मुळातच वेगळी असू शकते, हे मान्य. तरी फरक तिपटीचा आणि जवळजवळ पाचपटीचा आहे. उपचार सुटल्यानंतरचे लगेचचे दिवस विशेष धोक्याचे, हेही त्याच आढाव्यात आहे. मेसेजकर्ते नेमके तेच दिवस 'उपचार' म्हणून वाटतायत.

आता त्या 40 मिलिग्रॅमकडे येऊ. हा आकडा कुठून आणला देव जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत नेहमीचा डोस सरासरी 60 ते 120 मिलिग्रॅम दिलेला आहे. डोस कमी ठेवला की माणूस लवकर सुटेल हा घरच्यांचा लाडका समज. प्रत्यक्षात अपुऱ्या डोसवर तलफ राहते आणि माणूस मधल्या वेळेत गर्द शोधतो.

इथे मेसेजातली एक अर्धी गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करावी लागते : मेथाडोननं माणूस मरू शकतो. विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. वरच्या आढाव्यातही पहिल्या चार आठवड्यांचा धोका स्पष्ट दिसतो. कारण साध्या हिशोबात कळतं. रोज 20 मिलिग्रॅम दिले आणि दिवसाला निम्मं उतरलं, तर दुसऱ्या दिवशीच्या डोसनंतर अंगात 30, तिसऱ्या दिवशी 35, आणि पाचव्या दिवसापर्यंत 40 च्या जवळ. डोस वाढवलेला नसतानाही साठा दुप्पट. म्हणून पहिला डोस सहसा 20 च्या वर नाही, 30 च्या वर तर नाहीच, आणि पुढे सावकाश चढायचं. त्यात झोपेच्या गोळ्या किंवा दारू मिसळली की धोका आणखी वाढतो. डोस मोठा असेल तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून गरजेप्रमाणे ईसीजी काढतात. एवढ्यावरून निघतं ते इतकंच, की हे औषध देखरेखीखाली घ्यावं.

'एका नशेच्या जागी दुसरी' याला किती वेळा उत्तर द्यायचं? 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या डोल आणि निस्वान्डर या डॉक्टरांनी मेथाडोन उपचाराचे आपले पहिले निष्कर्ष छापले, तेव्हापासून हा आक्षेप चालू आहे. शरीर मेथाडोनवर अवलंबून राहतं, हो. पण टोचलेला गर्द काही सेकंदांत चढतो, काही तासांत उतरतो, आणि दिवस पुढच्या पुडीमागे जातो. तोंडानं घेतलेलं मेथाडोन दोन-चार तासांत हळूहळू वर येतं आणि दिवसभर टिकतं; डोस बसलेला माणूस कामावर जातो, मुलांचा अभ्यास घेतो. 2005 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

हाडं वितळत नाहीत. हाडं ठणकतात, ती बहुतेक वेळा डोस कमी पडल्यामुळे. तोंडाला कोरड पडून दात किडू शकतात, हे खरं. पाणी प्या, दात घासा. गर्भवतीनं एकदम बंद करणं तर सर्वात वाईट. गरोदरपणात हा उपचार चालू ठेवण्याचीच शिफारस आहे. बाळाला जन्मानंतर काही दिवस त्रास होऊ शकतो, पण त्यावर उपचार होतात.

ज्याला खरोखर मेथाडोन सोडायचं आहे त्यालाही वाट आहे. स्वतःची तयारी झाल्यावर, डॉक्टरांशी ठरवून, साधारण एक-दोन आठवड्यांनी 5 मिलिग्रॅमच्या टप्प्यानं खाली यायचं. मध्येच जड गेलं तर थांबायचं, लागलं तर एक पायरी वर जायचं. याला महिने लागतात. आणि काहींनी वर्षानुवर्षं घेतलं म्हणून बिघडत नाही.

जे सांगायला हवं ते मेसेजात शोधून सापडत नाही. सलग तीन दिवस डोस चुकला असेल तर जुना डोस तसाच्या तसा घ्यायचा नाही. केंद्रावर खरं सांगायचं, ते कमी करून पुन्हा चढवतात. क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं की मेथाडोन लवकर उतरतं आणि टर्की येते. तेव्हा 'बघा, औषध लागू पडत नाही' म्हणायच्या आधी डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. बाटली घरी असेल तर कुलपात ठेवा, लहान मुलाचा त्यातल्या थोड्या घोटांनीही जीव जाऊ शकतो. आणि कुणी हाक मारून उठत नसेल, घोरल्यासारखा खर्जात श्वास घेत असेल, ओठ निळे पडत असतील, तर रुग्णवाहिका बोलवा आणि हाताशी नॅलोक्सोन (अफूजन्य पदार्थांचा असर उतरवणारं औषध) असेल तर द्या. ते दिल्यावर तो उठून बसला, 'मी ठीक आहे' म्हणाला, तरी हॉस्पिटलात न्याच. नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात संपतो, मेथाडोन त्यानंतरही कितीतरी तास अंगात असतं.