खुलासा: इंग्लंडात सरकारी घराला भाडंच नसतं, हे खोटं आहे

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय, की इंग्लंडात कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या महापालिकेच्या) घराला भाडं नसतं, थकलं तर सरकार माफ करतं आणि हवं तेवढं मोठं घर मिळतं. कृपया पुढे पाठवू नका. माझी मावसबहीण लेस्टरला कौन्सिलच्याच घरात राहते, तिला भाडं भरावंच लागतं, फक्त ते बाजारभावापेक्षा बरंच कमी असतं.

माफी नाही, मदत आहे, आणि फॉरवर्डवाल्याचा गोंधळ इथंच झालाय. मागं तिचे कामाचे तास कमी झाले, भाडं थकलं, तर कौन्सिलची बाई घरी आली, टेबलावर लाइटबिल, पगाराची स्लिप सगळं मांडून बसली, कुठला भत्ता घ्यायचा राहून गेलाय ते शोधलं आणि थकबाकीचे छोटे हप्ते बांधून दिले. ही काही एकटीवर मेहरबानी नव्हती बरं का, तिथं थकबाकीसाठी कोर्टात जायच्या आधी भाडेकरूशी बोलून झेपेल असा हप्ता ठरवायचा प्रयत्न कौन्सिलला करावाच लागतो. तरी नाहीच भरलं तर घर जाऊ शकतं.

आणि ‘हवं तेवढं मोठं घर’ हेही चूक. भत्ता घेणाऱ्याकडं एक बेडरूम जास्तीची निघाली तर 2013 पासून भाड्याच्या 14 टक्के रक्कम त्याच्या मदतीतून कापतात, पेन्शनच्या वयाच्यांना मात्र ही कपात नाही.

आपल्याकडं म्हाडाची लॉटरी लागली की किंमत भरून घर मालकीचं होतं. तिथं कौन्सिलचं घर मिळालं म्हणून ते मालकीचं होत नाही, माणूस भाडेकरू म्हणून राहतो, म्हणून दोन्हींची तुलना करून आपल्या लोकांना नावं ठेवू नका प्लीज.