डायरेक्ट फिट

पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड, त्याच्या खोक्यावर ‘डायरेक्ट फिट’ असं छापणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला. मारणार वगैरे नाही हो, फक्त एक स्टूल देऊन नाशकातल्या सारडा सर्कलच्या मागच्या गल्लीत बसवणार आणि म्हणणार, हां, कर आता फिट, डायरेक्ट, आम्ही तोवर कटिंग मारून येतो.

गाडी म्हणजे इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यातली रॉयल एनफिल्ड बुलेट ३५०. १९५५ मध्ये मद्रासला कंपनी उभी राहून तिथे जोडणी सुरू झाली त्याच्याही आधीची, अख्खी इंग्लंडची. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ९० मिमी, ३४६ सीसी. सासऱ्यांकडून आलेली, त्यामुळे विकायची सोय नाही. तर हिच्या इंजिनात खालच्या बाजूने ठक् ठक् सुरू झालं, आणि नाशकात गाडीतून आवाज येतोय म्हटल्यावर डॉक्टरांची कमी नसते. सोसायटीचे काका म्हणाले टॅपेट, पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणाला पिस्टन, भाजीवाल्या मावशी म्हणाल्या एवढी जुनी झाली आता द्या की टाकून. आमच्या गॅरेजच्या मेकॅनिक चाचांनी फक्त त्र्यंबक रोडच्या चढावर मागे बसून ऐकलं, लोड आला की जड आवाज, थ्रॉटल सोडला की नुसती खडखड, आणि खाली उतरून म्हणाले, बिगेंड गया, म्हणजे रॉडचं क्रँकवर बसणारं खालचं टोक. मग हेड आणि सिलिंडर उतरवलं, रॉड धरून वर-खाली ओढला तर हाताला खटखट लागली. डावी-उजवीकडे थोडा हलला तर चालतो, वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये.

आता मूळ भानगड अशी की या इंजिनात कंपनीने रॉड दिलाय अॅल्युमिनियम मिश्रधातूचा आणि बिगेंडला बेअरिंगच नाही, व्हाइट मेटल या मऊ धातूचा थर लावलेला एक तरंगता बुश, म्हणजे नळीसारखं कडं आहे, तो क्रँकच्या पिनवरही फिरतो आणि रॉडच्या आतही फिरतो. त्याला तेल दाबाने आणि स्वच्छ मिळालं की सुंदर चालतो. पण तसं मिळालंच पाहिजे, म्हणून बाजारात स्टीलचा रोलर बेअरिंगवाला रॉड मिळतो, जो तेलाच्या बाबतीत जरा कमी नखरे करतो. बुशवाले आणि रोलरवाले हे आपल्या सिंहस्थासारखंच आहे, शैव त्र्यंबकला कुशावर्तात, वैष्णव इकडे रामकुंडावर, आणि एकमेकांच्या घाटावर कुणी पाय ठेवायचा नाही. मी रोलर मागवला. बुशवाल्या मित्राने अजून माझा फोन नीट उचललेला नाही.

पहिलं युद्ध नटांशी. क्रँकपिनला दोन्ही बाजूंनी नट, आणि सगळा कारभार इंग्रजी. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनियरने आट्यांचं माप ठरवलं, ५५ अंशाचा कोन, इथपर्यंत ठीक. पण या पान्यांवर जो आकडा असतो तो नटाच्या तोंडाचा नसतोच, बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणजे पान्यावर लिहिलंय ३/८ आणि तोंड बघावं तर जवळजवळ दुप्पट. गॅरेजमधला नवीन पोरगा हे बघून अर्धा तास त्या पान्याकडे संशयाने पाहत होता. मी म्हटलं बाळा, यांनी दीडशे वर्षं राज्य केलंय, उगाच नाही.

क्रँक म्हणजे दोन जड चाकं, फ्लायव्हील, आणि मधे रॉड धरणारी पिन. तो वेगळा करून नवा रॉड घातला आणि फ्लायव्हील परत आवळली की काम संपतं असं ज्याला वाटतं त्याने खुशाल खोक्यावर छपाई करावी. खरं काम तिथून पुढे, कारण दोन फ्लायव्हील एका रेषेत यायला हव्यात, दोन थाऊच्या, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश भागाच्या आत. चाचांचं मोजमाप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात चालतं. एका सुतात १२५ थाऊ. चाचांनी एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, एकदम सरळ, सूतभर इकडे-तिकडे असेल. सुतावरून स्वर्ग गाठायचा नव्हता म्हणून मी क्रँक उचलून अंबडला नेला.

अंबडच्या एमआयडीसीत एक टर्नर आहे, मूळचा जळगावकडचा, प्रत्येक वाक्यात ‘भो’. त्याने क्रँक लेथवर दोन सेंटरमध्ये धरला, दोन्ही शाफ्टवर वाकडेपणा सुईने दाखवणारे डायल लावले आणि हाताने हळू फिरवला. सुई अशी नाचली की मला घाम फुटला. तो मात्र शांत. जिथे सुई सगळ्यात वर गेली तिथे फ्लायव्हीलवर खडूची रेघ, क्रँक खाली काढला, हातात धरला, आणि तांब्याच्या हातोड्याने त्या रेघेवर सणसणीत धपाटा. मी म्हटलं अहो दादा, इंग्लंडचा माल आहे. तो म्हणाला, “म्हनून तर तांब्याचा हातोडा काढला भो, नाहीतर लोखंडीच घेतो मी.” परत डायल, परत रेघ, परत धपाटा. कधी वाटायचं जमलं, तर दुसऱ्या टोकाची सुई रुसलेली. शेवटी दोन्ही सुया जवळपास जागेवर थांबल्या तेव्हा त्याने खडू कानावर ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली, म्हणजे झालं. या माणसाला मी बिलापेक्षा जास्त पैसे दिले आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

मग वजन. स्टीलचा रॉड जुन्यापेक्षा जड, आणि जड रॉडने बॅलन्स बदलतो. रॉडचं वरचं टोक पिस्टनबरोबर वर-खाली जातं, खालचं टोक क्रँकबरोबर फिरतं, म्हणून दोन टोकं वेगवेगळी तोलायची असतात, एक टोक काट्यावर, दुसरं दोऱ्याने लटकवून, रॉड अगदी आडवा. एवढा नेमका काटा कुणाकडे? सराफ बाजारात. ओळखीच्या पेढीवर गेलो, पिशवीतून जुना आणि नवा असे दोन रॉड काढून गादीवर ठेवले. काउंटरवर लग्नाच्या बांगड्या बघायला आलेलं एक कुटुंब होतं, ते सगळे बांगड्या सोडून माझ्याकडे बघायला लागले. शेठ म्हणाले, “मोड घालायची का?” म्हटलं नाही, फक्त वजन, आणि एक टोक मी दोऱ्याने धरणार. त्यांनी चष्मा वर केला, घट किती धरू म्हणाले, पण नंतर स्वतःच इतके रंगले की दोरा सरळ आहे की नाही बघायला पोऱ्याला खाली वाकवून उभा केला. नवरीच्या मामांनी विचारलं हे काय करतं, मी समजावलं की एका सिलिंडरच्या इंजिनात पूर्ण बॅलन्स कधीच होत नाही, वर-खालीचे झटके मारले की ते पुढे-मागे निघतात, आपण फक्त ठरवायचं त्रास कुठल्या दिशेला हवाय. मामा नवऱ्यामुलाकडे बघून म्हणाले, ऐकून ठेवा जावईबापू.

त्या आकड्यांवरून हिशोब करून टर्नरने फ्लायव्हीलमध्ये भोकं मारली. वरच्या टोकाचा बुश चाचांनी हाताने रीमर फिरवून बसवला, आणि तिथे मात्र त्यांच्या हाताला तोड नाही. तेल लावलेली गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन, अंगठ्याने दाबल्यावर सरकली पाहिजे, आणि सोडून दिली तर आपोआप पडता कामा नये. सूत-थाऊ सगळं गेलं खड्ड्यात, त्यांचा अंगठाच गेज आहे.

एवढं करून क्रँक इंजिनाच्या केसमध्ये घातला, वर सिलिंडर बसवला, हाताने फिरवला, आणि कर्र. सिलिंडरची खालची कड रॉडला घासतेय! डायरेक्ट फिट! निळी शाई लावून खूण घेतली, कड नखाएवढी घासली, इंजिनाच्या केसमध्ये पडलेला कीस धुऊन काढला, परत शाई. चाचा त्या खोक्याला उद्देशून जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

राहिला प्रश्न पिस्टन वर हेडला लागतोय का, कारण रॉड जरासा जरी लांब निघाला तरी पिस्टन तेवढाच वर येतो. याला प्लास्टिसिन, म्हणजे मुलांची खेळायची मऊ माती लागते, ते घरात नव्हतं, कणीक होती. तेलाचा हात लावून छोटा गोळा पिस्टनवर थापला, हेड आवळलं, इंजिन हाताने फिरवलं, हेड उघडून कणीक सुरीने कापली आणि व्हर्नियरने जाडी मोजली. जागा भरपूर होती. आतून आवाज आला, “अहो, चार पोळ्यांची कणीक होती, तीनच कशा झाल्या?” मी व्हर्नियर खिशात घातला आणि आज भूक कमी आहे म्हटलं.

गाडी चालू झाली. नव्या रॉडसाठी काही दिवस निवांत चालवायचं असतं, म्हणून गंगापूर रोडला मला शाळेतल्या मुलींच्या स्कूटर मागे टाकून जातात, आणि मिसळीच्या टपरीवर लोक गाडीभोवती जमून एकच प्रश्न विचारतात, किती देते? देते म्हणजे काय, आत्तापर्यंत फक्त घेतलंय हिने.

ठक् ठक् गेलं. ते गेल्यावर त्याच्याखाली दडलेला प्रायमरी चेनचा, म्हणजे इंजिनापासून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचा आवाज ऐकू यायला लागला, तो मी सध्या ऐकत नाहीये.

त्यातच कॉलेज रोडच्या डॉक्टर मित्राने फोन केला. त्याच्याकडे ट्रायम्फची ६५० ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी आहे, १९३७ च्या स्पीड ट्विनच्याच खानदानातली, त्यात अॅल्युमिनियमचे दोन रॉड, आणि त्यानेही स्टीलचे मागवलेत. मी सांगितलं, दोघांची वजनं एकमेकांशी जुळली पाहिजेत, टोकंही वेगळी तोलायची, जुने नट परत वापरायचे नाहीत, आणि बोल्ट नुसता टॉर्कवर न आवळता ताणून किती लांब झाला ते मायक्रोमीटरने मोजायचं. तो म्हणाला, पण खोक्यावर तर डायरेक्ट फिट लिहिलंय. या शनिवारी त्याचं इंजिन उघडतोय. सराफांना आधीच सांगून ठेवलंय, आणि कणीक त्याच्या घरची.