मशीनले कायचं ऊन लागते!

होळी जळाली की आपल्याकडे घरोघरी एक विधी पार पडतो. सज्ज्यावरचा कूलर खाली उतरतो. टाकी घासली जाते, पंपात कचरा अडकलाय का ते बघितलं जातं, जुनं गवत जाऊन ताट्यांत नवा वाळा येतो. एखाद्या ताटीवर मागच्या उन्हाळ्याचा पांढरा खारा थर दिसला, की खाटेवरून आजोबा विचारतात, "यातून हवा कशी येईन बाप्पा?" दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही याचं उत्तर माहीत असतं. येत नाही.

तुमच्याकडे हप्त्यावर घेतलेली पोकलेन असेल, तर हे ज्ञान घराच्या उंबऱ्याबाहेर अजिबात नेऊ नका. मशीनलाही कूलर असतो, असं ऑपरेटर म्हणेल. म्हणू द्या. त्याला सांगा, लोखंडाला ऊन लागत नाही.

सुरुवात अज्ञानापासून करावी, कारण तेच फुकट मिळतं. बहुतेक मशीनवर दोन ऑइल कूलर असतात. एक रेडिएटरशेजारी जाळीचा, हायड्रॉलिक ऑइलसाठी. त्याला पंख्याची हवा लागते. दुसरा इंजिनच्या अंगालाच बोल्टांनी आवळलेला, आत पातळ पत्र्यांच्या थप्पीचा. पत्र्याच्या एका बाजूने इंजिन ऑइल वाहतं, दुसऱ्या बाजूने रेडिएटरचं पाणी. मध्ये फक्त पत्रा. हा दुसरा बाहेरून दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं धरून चालावं. आपण विहिरीतल्या मोटारीच्या बाबतीत तेच करतो, आणि ती जळेपर्यंत छान चालते.

आता पाणी. कंपनीचं पुस्तक म्हणतं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. पुस्तक लिहिणाऱ्याने खारपाणपट्टा पाहिलेला नाही. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी इतकं खारट, की पाहुण्याला चहा द्यायचा तर गोड्या पाण्याची कॅन आणावी लागते. पण मशीन पाहुणी थोडीच आहे! बोअरचा पाइप सरळ रेडिएटरच्या तोंडात सोडा. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, हे वाक्य पाठ करून ठेवा. ते गंज थांबवतं आणि पाण्याला लवकर उकळू देत नाही, ही गोष्ट पाठ करायची गरज नाही. काही महिन्यांत त्या पातळ पत्र्यांवर तोच पांढरा थर चढेल, जो घरच्या ताटीवर चढतो. त्या थरातून उष्णता जात नाही. मग ऑइल पिस्टनखालून तापून येतं आणि तसंच तापलेलं परत जातं. ऑइल मर्यादेपुढे गेलं, की पुढच्या दर १० अंशांना त्याचं सडणं साधारण दुप्पट होतं असा ठोकताळा आहे. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ अंशांची, त्यामुळे आपलं मशीन या शर्यतीत पुण्या-नाशिकच्या मशीनपेक्षा सुरुवातीपासूनच पुढे असतं. विदर्भाचा अनुशेष निदान इथे तरी भरून निघतो.

जाळीच्या कूलरची निगा मात्र श्रद्धेने राखावी. दसऱ्याला मशीनची पूजा होते, झेंडूची माळ चढते. ती काढू नये. पाकळ्या वाळून जाळीच्या फटींत जातात, त्यांवर सोयाबीनचं कुटार बसतं, हायड्रॉलिकचा जरासा पाझर त्याला चिकटवतो आणि वरून काळ्या मातीचा फुफाटा लिंपतो. शिवरात्रीपर्यंत कुडाची भिंत तयार. कुणी हेल्पर फारच उत्साही निघाला, तर त्याला बाहेरच्या बाजूने जोराचा प्रेशर मारायला सांगा. कचरा आणखी आत जातो आणि जाळीची पानं आडवी होतात, दोन्ही कामं एका फवाऱ्यात. हवा ज्या बाजूने आत शिरते तिच्या उलट बाजूने, कमी दाबाने, जाळीशी सरळ धरून फुंकणारे लोकही असतात. त्यांच्याकडे वेळ असतो. आपल्याकडे शेततळं असतं.

शेततळ्याचं सांगायचं तर, २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली तेव्हा गावात मागणाऱ्यांपेक्षा खोदणारे जास्त झाले होते. त्या धांदलीत मीही जुनं मशीन घेतलं. म्हणजे हा सल्ला ऐकीव नाही, याची खात्री बाळगा.

एक दिवस ऑपरेटर सांगेल, "भाऊ, ऑइल टाकलं नाही, तरी पट्टीवर लेव्हल वाढून राह्यली." आनंद माना. लोकांची मशीनं ऑइल पितात, तुमची देते. पट्टीवरचं ऑइल चहासारखं दिसेल, पुढे ताकासारखं, आणि रेडिएटरचं झाकण उघडलं तर वर चक्क साय. दुभतं जनावर! मशीनला पान्हा फुटला आहे, मिस्त्रीने दुसरा पान्हा लावायचं काही कारण नाही.

मिस्त्री अर्थात ऐकणार नाही. तो म्हणेल, आतला पत्रा फुटला. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब ३ ते ५ किलो, पाण्याचा जेमतेम १ किलो. म्हणून दिवसभर ऑइल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम पाणी अजून दाबाखाली असतं. मग रात्री पाणी ऑइलमध्ये उतरतं. पहाटे स्टार्टर मारण्याआधी इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचा खालचा नट ढिला करून बघा, जड असलेलं पाणी आधी येईल. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेटवर, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगवर, संशय घ्या. बुडबुडे नाहीत आणि साय आहे, तर आधी कूलर काढून तपासा. तोंडं बंद करून हवा भरायची आणि टबात बुडवायचा, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा.

एवढं सगळं मोफत सांगणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? त्यापेक्षा हळद टाका. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतोच ना आपण, मग रेडिएटरला मूठभर काय जड आहे. हळद भोक बुजवते, हे खरं आहे. कोणतं भोक आणि कोणती वाट, एवढं मात्र तिला कळत नाही. आणि ५ किलोच्या दाबापुढे ती टिकत नाही, पण तोवर आठवडाभराचे तास तर निघतात! मीटरचे तास निघाले, की हप्ता निघतो. बेरिंगचं काय निघतं ते नंतर बघू. कूलंट मिसळलेल्या ऑइलवर ती फार दिवस चालत नाहीत, असं ऐकून आहे. ऐकून म्हणजे, तो आवाज मी ऐकला आहे.

कूलर बदलायची वेळ आलीच, तर तो शेतातच बदला, दुपारी, वाऱ्यात, म्हणजे धूळ आतपर्यंत पोचते. जुनं पॅकिंग पेचकसाने खरवडून काढा. बसण्याच्या जागेवर चरे पडले तर नव्या पॅकिंगला पकड मिळते, असं समजा. ओ-रिंग जुन्याच वापरा, त्यांना जागेची सवय असते. बोल्ट मधून सुरू करून आलटून-पालटून, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात म्हणे. आपण एका टोकापासून सुरू करावं आणि पान्ह्याला पाइप लावून हेल्परला वर उभं करावं. पाण्याच्या वाटांत गेलेलं ऑइल धुवायला साबणाचं औषध मिळतं, दोन-तीनदा फ्लश करावं लागतं, ऑइल पिऊन फुगलेले रबरी होजपाइप बदलावे लागतात. नवं ऑइल-फिल्टर टाकून, थोडे तास चालवून, तेही पुन्हा बदलावं लागतं. "एवढं ऑइल फेकून द्यायचं?" असं एकदा मोठ्याने म्हणा. गावातले चार जण तुमच्या बाजूने मान हलवतील. त्यातल्या एकाकडेही मशीन नसतं.

यानंतर इंजिन बसतं. फारसं काही करावं लागत नाही, आपोआप बसतं. अकोल्याहून मिस्त्री येतो, क्रँक काढतो आणि बिल इतकं होतं की आकडा घरी टप्प्याटप्प्याने सांगावा लागतो. काम संपत आल्यावर तो जुना कूलर हातात धरून म्हणतो, "हा फेका. बेरिंगचा सगळा चुरा या पत्र्यांत बसला. कितीही धुवा, निघणार नाही. नव्या इंजिनात हाच फिरन."

इथे ठाम राहा. इतका खर्च झाल्यावर आणखी एक कूलर? डिझेलने धुवा, दोनदा झटका, उन्हात वाळवा आणि लावा. चांगला तर दिसतो.

मग घरी जा, जेवा, कूलरसमोर आडवे व्हा. ताट्या नव्या, पाणी गोडं, वाळ्याचा वास. दुपारी तीनच्या सुमारास शेतातून ऑपरेटरचा फोन येईल. काहीतरी आवाजाबद्दल, काहीतरी लाल लाइटबद्दल. फोन कानाला लावा आणि जरा ओरडूनच सांगा, "आवाज येऊन नाही राह्यला बे, कूलर चालू हाये!"