बार्सिलोना: ओर्ताचा भूलभुलैया राहिलाच

बार्सिलोनावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात तिथल्या बागा म्हणून फक्त पार्क ग्वेल आणि सिउतादेया या दोनच सांगितल्यात, म्हणून लिहावंसं वाटलं. पार्क ग्वेल सुंदर आहेच, पण २०१३ पासून तिथल्या वास्तुविशारद गौदीने घडवलेल्या मुख्य भागाला तिकीट आहे आणि गर्दीत निवांत बसणं होत नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ओर्ता या भागातली भूलभुलैया बाग. शहरातली ही सर्वांत जुनी बाग, १७९१ मध्ये एका सरदाराने आपल्या वाड्याभोवती करायला घेतली. मेट्रोच्या हिरव्या लाइनने मुंदेतला उतरायचं आणि सायकल शर्यतींच्या स्टेडियमच्या मागे चालत जायचं. सुरूसारखी उंच सायप्रसची झाडं कातरून भिंती केल्यात, आत वाट चुकत चुकत मधल्या इरॉसच्या, म्हणजे ग्रीक प्रेमदेवाच्या, पुतळ्यापाशी पोचायचं. आम्ही तीनदा त्याच कोपऱ्यावर परत आलो आणि मुलं खिदळत होती! बुधवारी आणि रविवारी प्रवेश फुकट असतो, बाकी दिवशी तिकीट अगदी किरकोळ.

मोंजुइक टेकडीच्या समुद्राकडच्या उतारावर निवडुंगांची बाग आहे, तीही चुकवू नका. खाली बंदरातल्या बोटी, वर माणसापेक्षा उंच निवडुंग. आपल्याकडे बांधावर दिसणारं घायपात तिथे ऐटीत उभं पाहून फार बरं वाटलं. तिथे सावली कमी, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच जा, पाण्याची बाटली घेऊन.