वाहाकात म्हणे सरकारच नाही! त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा घेऊ

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. मजकूर साधारण असा: मेक्सिकोत वाहाका नावाचं राज्य आहे, तिथे ५७० नगरपालिका, त्यातल्या चारशेहून जास्त ठिकाणी निवडणूक नाही, पक्ष नाही, पोलीस नाही, सरकारचा एक पैसा नाही. गाव जमतं, हात वर करतं आणि कारभार करतं. हजार वर्षांची परंपरा. भांडणं शून्य, भ्रष्टाचार शून्य. आणि शेवटी नेहमीचं, आपण कधी शिकणार?

यातले दोन आकडे बरोबर आहेत. बाकीचं कुणीतरी अर्धवट वाचून तिखटमीठ लावलंय. मला ती सिस्टीम आवडते, म्हणूनच तिचं असं गुळगुळीत पोस्टर केलेलं बघवत नाही.

आधी ५७०. हो, खरंच ५७० आहेत. मेक्सिकोत सगळे मिळून अडीच हजाराच्या आसपास म्युनिसिपिओ (मेसेजमधल्या 'नगरपालिका' त्या याच), त्यातले जवळपास पाव एकट्या वाहाकात. बाहा कॅलिफोर्निया राज्यात मोजून सात, आणि तेही दोन नवे निघाले तेव्हा. पण नगरपालिका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शहर येतं आणि तिथेच गडबड होते. म्युनिसिपिओमध्ये मुख्य गाव, वाड्यावस्त्या, शेतं, डोंगर, जंगल सगळं येतं, राज्याचा प्रत्येक इंच कुठल्या ना कुठल्या म्युनिसिपिओत असतोच. मुख्य गावाला काबेसेरा म्हणतात, बाकी वस्त्यांना आहेन्सिया, आणि त्यांचा वेगळा प्रतिनिधी असतो. वर जिल्हा परिषद, पंचायत समिती वगैरे काही नाही, मेक्सिकोच्या १९१७ च्या घटनेतलं कलम ११५ म्हणतं की म्युनिसिपिओ आणि राज्य सरकार यांच्यामध्ये तिसरी सत्ता येणार नाही. वाहाकात ३० जिल्हे आहेत, पण ते कोर्टकचेरी आणि कर वसुलीपुरते, त्यांना स्वतःचं सरकार नाही. म्हणून राजधानी वाहाका दे हुआरेस, २०२० च्या जनगणनेत सुमारे २ लाख ७० हजार लोक, तोही एक म्युनिसिपिओ, आणि सांता माग्दालेना हिकोत्लान, जिथे शंभर माणसंही राहत नाहीत, तोही एक म्युनिसिपिओ, दोघांचा घटनात्मक दर्जा सारखा.

आता 'निवडणूक नाही'. हे सगळ्यात जास्त चुकीचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

५७० पैकी ४१७ ठिकाणी पारंपरिक पद्धतीने कारभारी निवडले जातात, याला तिकडे 'उसोस इ कोस्तुम्ब्रेस' म्हणायचे, आता कागदोपत्री 'आदिवासी नियमव्यवस्था' असं काहीसं नाव आहे. पण निवडतात म्हणजे निवडतातच की! ग्रामसभा भरते, आधी सभा चालवणारं एक मंडळ निवडतात, मग नावं पुढे येतात, बरेचदा तीन-तीन नावांचं पॅनल, आणि मग मत. काही गावांत हात वर, काही गावांत ज्याला मत द्यायचं त्याच्यामागे रांग, आणि काही गावांत चक्क फळा. फळ्यावर नावं लिहिलेली, एकेक जण उठून जातो, खडू घेतो आणि आपल्या माणसाच्या नावापुढे एक रेघ मारून परत येतो, सगळ्या गावादेखत. गुप्त मतदान नाही हे खरं, पण त्याला निवडणूक नाही कसं म्हणणार? त्यानंतर सभेचं इतिवृत्त, सह्या-अंगठे, सगळं बाड राज्याच्या निवडणूक संस्थेकडे जातं, ती तपासते आणि वैध की अवैध ते ठरवते. पटलं नाही तर राज्याचं निवडणूक न्यायालय, त्याच्याही वर केंद्राचं. आणि निवडून येतं ते काय, तर देशभर असतं तेच मंडळ, आयुंतामिएंतो, त्यात अध्यक्ष, सिंदिको आणि रेहिदोर, म्हणजे साधारण नगराध्यक्ष, कायद्याची आणि गावाच्या मालमत्तेची बाजू सांभाळणारा एक जण, आणि खातेवाटप झालेले नगरसेवक.

खरा फरक आहे तो उभं कोण राहू शकतं यात. प्रचार करून, पोस्टर लावून कुणी अध्यक्ष होत नाही, किंबहुना मला करा म्हणून पुढे येणाऱ्याकडे लोक संशयानेच बघतात. पोरगा वयात आला की पहिलं काम तोपिलचं, म्हणजे निरोप पोचवा, रात्री गस्त घाला, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला कोठडीत नेऊन बसवा. एक वर्ष, बहुतेक गावांत बिनपगारी. मग मध्ये काही वर्षं विश्रांती, मग वरची पायरी, शाळेची समिती, पाण्याची समिती, देवळातल्या सणाचा खर्च, असं करत करत माणूस पन्नाशीला टेकला की सिंदिको किंवा अध्यक्ष व्हायच्या लायकीचा ठरतो. सोबत तेकिओ आहे, रस्ता, शाळेची भिंत, पाण्याची लाइन यासाठी घरटी फुकट श्रमदान. टाळलं तर दंड, फारच टाळलं तर काही गावांत हक्कांवर गदा. लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलात भांडी घासणाऱ्या माणसाची गावच्या सभेत निवड होते, त्याला कळवलं जातं, आणि मग त्याने यायचं, नाहीतर पैसे देऊन बदली माणूस उभा करायचा. आता सांगा, 'हात वर करतात आणि कारभार करतात' या एका वाक्यात हे कुठे आलं? फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जण वर्षभर पगाराशिवाय गस्त घालायला तयार आहेत ते एकदा बघायला पाहिजे.

'पक्ष नाही'. ४१७ वजा केले तर उरतात १५३, आणि तिथे पक्ष आहेत, मतपेट्या आहेत, दर तीन वर्षांनी रीतसर धुरळा उडतो. यात राजधानी येते, तुश्तेपेक येतं, हुचितान येतं, म्हणजे मोठी शहरं जवळपास सगळी. हुचितानमध्ये तर १९८१ ला शेतकरी-कामगार-विद्यार्थ्यांच्या आघाडीने तेव्हाच्या सत्ताधारी पीआरआय पक्षाला हरवून नगरपालिका घेतली होती, आणि १९८३ ला राज्याच्या विधिमंडळाने ती बरखास्त केली. म्हणजे वाहाकाचं स्थानिक राजकारण पक्षांशिवाय समजतच नाही. आणि ज्या ४१७ गावांत आज पक्ष नाहीत, तिथेही १९९५ पर्यंत काय चालायचं? गाव सभेत माणूस ठरवायचं आणि मग तोच माणूस पीआरआयचा उमेदवार म्हणून कागदावर यायचा, पीआरआयला फुकटात शंभर टक्के मतं, गावाला शांतता.

इथेच 'हजार वर्षांची परंपरा' पण बघून घेऊ. सभा, श्रमदान यांची मुळं जुनी आहेत यात वाद नाही. पण पदांची नावं बघा ना, रेहिदोर, आल्काल्दे, सिंदिको, सगळी स्पॅनिश. वसाहतीच्या काळात स्पेनच्या राजवटीने आदिवासी गावांना स्वतःचं छोटं मंडळ ठेवू दिलं, स्वातंत्र्यानंतर वाहाकाच्या १८२५ च्या घटनेने लहान गावांचीही मंडळं चालू ठेवली, आणि म्हणूनच आज ५७० आहेत, नाहीतर इतर राज्यांसारखी गावं एकत्र करून पन्नास-शंभर झाली असती. पक्षाशिवाय निवडायची मुभा निवडणूक कायद्यात आली ती १९९५ ला. १९९४ मध्ये शेजारच्या चियापासमध्ये झापातिस्तांनी, म्हणजे आदिवासींच्या सशस्त्र संघटनेने, बंड केलं होतं, राज्य सरकार घाबरलेलं होतं, आणि या गावांत विरोधी पक्ष शिरू नयेत हेही पीआरआयच्या सोयीचंच होतं. आदिवासी संघटनांनी हे मागून, भांडून घेतलं हे खरं, आणि देणाऱ्याचा त्यात हिशोब होता हेही तितकंच खरं, माझ्या मते दोन्ही एकदम खरं असायला काही हरकत नाही.

'सरकारचा एक पैसा नाही' हे वाचून मी हसलो, कारण गोष्ट बरोब्बर उलटी आहे. कलम ११५ मधल्या १९८३ च्या दुरुस्तीने पाणी, दिवे, कचरा, बाजार, स्मशान, रस्ते ही कामं म्युनिसिपिओकडे आली आणि घरपट्टीसारखा मालमत्ता करही. पण डोंगरातल्या तीनशे घरांच्या गावात घरपट्टी किती जमणार, आणि त्यात बरीचशी जमीन सामूहिक मालकीची, तिचा कारभार तर वेगळीच कमिटी बघते. त्यामुळे बहुतेक गावांचं बजेट केंद्राकडून येणाऱ्या दोन नळांवर चालतं, एक महसुलातला वाटा आणि दुसरा ठरावीक कामांसाठीचा निधी, जो १९९८ पासून गरिबीच्या निकषावर थेट म्युनिसिपिओपर्यंत पोचायला लागला. तेकिओने मजुरी वाचते, सिमेंट काही तेकिओतून येत नाही.

आणि हाच पैसा 'भांडणं शून्य'वाल्या मुद्द्याला पुरून उरतो. निधी येतो काबेसेराच्या नावावर. वाड्यांना किती द्यायचा ते कोण ठरवणार? आणि अध्यक्ष निवडायच्या सभेत वाड्यांतल्या लोकांना मत आहे का? पुष्कळ ठिकाणी नव्हतं. काबेसेराचं म्हणणं असं की तुम्ही आमच्याकडे गस्त घातली नाही, आमचा तेकिओ केला नाही, मग मत कसलं. वाड्यांचं म्हणणं, पैसे आमचीही डोकी मोजून येतात ना? दोन्ही बाजूंना पॉइंट आहे, आणि यावर निवडणुका रद्द झाल्यात. समुद्राकाठच्या सान मातेओ देल मारमध्ये याच वादावर गोष्ट किती टोकाला गेली बघा, आधीची निवडणूक काही वाड्यांनी मानली नाही, तणाव वाढत गेला आणि जून २०२० मध्ये १५ माणसं मारली गेली. पद्धत तीच, फॉरवर्डमधली.

बायकांचंही बोलायला हवं. २००७ ला सांता मारिया किएगोलानीत एउफ्रोसिना क्रूस अध्यक्षपदासाठी उभी राहिली, आणि बाई आहे म्हणून तिची मतं बाद केली गेली. तिने तक्रार केली, तरी तो निकाल काही बदलला नाही. ती गप्प बसली नाही, २०१० मध्ये आमदार झाली आणि राज्याच्या विधिमंडळाची अध्यक्षही झाली. आता घटनेनेच निम्म्या जागा बायकांना द्यायला सांगितलंय आणि या गावांनाही ते लागू आहे, काही ठिकाणी मनापासून होतंय, काही ठिकाणी अजून बायकोचं नाव आणि नवऱ्याचा कारभार, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

राहिलं 'पोलीस नाही'. पोलिसांना हाकलून दिलं ही गोष्ट चेरानची, आणि चेरान वाहाकात नाही, मिचोआकान राज्यात आहे. तिथे एप्रिल २०११ मध्ये जंगल तोडणाऱ्या टोळ्यांविरुद्ध बायकांनी सुरुवात केली, मग गावाने नगराध्यक्ष आणि पोलीस दोघांनाही घालवलं, चौकाचौकात शेकोट्या पेटवून रात्रंदिवस पहारा ठेवला. पण पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही, गाव केंद्रीय निवडणूक न्यायालयात गेलं, नोव्हेंबर २०११ ला निकाल घेतला आणि २०१२ मध्ये चार वस्त्यांतले तीन-तीन असं १२ जणांचं मंडळ बसलं. आज त्यांची स्वतःची गस्त आहे, सरकारी निधीही आहे.

आणि भ्रष्टाचार शून्य म्हणाल तर, या गावांत निवडून दिलेल्याला मुदत संपायच्या आधी सभेनेच घरी पाठवायची सोय आहे, कोर्टांनीही ती मान्य केलीय, फक्त सभा त्याच विषयासाठी बोलवायची आणि त्या माणसाला त्याची बाजू मांडू द्यायची. लोक ती वापरतातही. हिशोब कधीच चुकत नसता तर कशाला लागली असती?