बोर्डाचा कॅपॅसिटर

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरात दोन यंत्रे एकाच वेळी बंद पडलेली होती. त्यांपैकी कूलर दीडशे रुपयांत आणि बारा मिनिटांत सुरू झाला. दुसरे यंत्र म्हणजे बीगलबोन ब्लॅक नावाचा तळहाताएवढा संगणक, ज्यावर मी स्वतः बांधलेले लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, चढवू पाहत होतो. कूलरच्या टाकीतले पाणी संपत आले की मोबाइलवर कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. टाकीत बोट घातले तरी तेच कळते, असे आईचे म्हणणे असून त्यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.

लिनक्सच्या या बांधकामासाठी मी योक्टो हे साधन घेतले. योक्टो हा मुळात मोजमापातला उपसर्ग. एकावर चोवीस शून्ये ठेवून जी संख्या होईल, तितक्यावा भाग. 1991 साली तो मान्य झाला तेव्हा त्याहून सूक्ष्म उपसर्ग नव्हता. या सूक्ष्म नावाच्या साधनाने माझ्या लॅपटॉपवरची साठ जीबी जागा गिळली, आणि बोर्डासाठी काही बांधण्याआधी, ज्याने बांधायचे तो कंपायलरच, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रामच, मुळापासून बांधायला घेतला. म्हणजे आपण तर्री-पोहे मागवावेत आणि समोरच्याने आधी धानाची पेरणी करावी, तसे. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलर बंद, दोनदा वीज गेली, आणि लॅपटॉपचा पंखा असा ओरडत होता की आईने मिक्सर समजून स्वयंपाकघरात डोकावून पाहिले.

अखेर इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी उतरवायची अख्ख्या प्रणालीची फाइल, तयार झाली. ती डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने मी मेमरी कार्डावर उतरवली, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम झाले. कार्ड सीताबर्डीवरून आणलेले होते. मी मनातल्या मनात दुकानदाराचे आभार मानले. कार्ड बोर्डात सरकवले, बोर्डाचे बोलणे लॅपटॉपच्या पडद्यावर आणणारी सिरियल केबल जोडली, वेग सेकंदाला 115200 बिट ठेवला आणि वीज दिली. पडद्यावर एक इंग्रजी अक्षर उमटले: सी. काही सेकंदांनी आणखी एक सी. मग आणखी एक. त्यापलीकडे काही नाही.

नेमका त्याच वेळी कूलर दुरुस्त करणारा माणूस माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

"काय करून राहिले, भाऊ?"

"हा छोटा संगणक आहे. सुरू करतोय."

"आन् मंग हे सावजी खाल्ल्यावानी सी-सी काऊन करून राहिलं?"

मी त्याला सर्व समजावले, आणि तेही सविस्तर, कारण तीन दिवसांत प्रथमच कोणीतरी विचारले होते. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो; तो आधी बोर्डावरच्या स्मृतीत आणि मग कार्डावर एमएलओ नावाची, पुढची सुरुवात करून देणारी फाइल शोधतो. स्मृती मी आदल्याच आठवड्यात पुसून टाकली होती. कुठेच काही सापडले नाही की तो सिरियल तारेवर येऊन एक्समोडेम पद्धतीने फाइल मागू लागतो. ही पद्धत वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी 1977 साली तयार केली, आणि सी म्हणजे 'पाठवा, मी सीआरसीने तपासून घेतो'; सीआरसी म्हणजे वाटेतली चूक पकडणारा हिशेब. थोडक्यात, बोर्ड उपाशी असून दारात उभा राहून भाकरी मागत होता.

त्याने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग मोबाइलचा टॉर्च लावून तो बोर्डावर वाकला आणि अतिसूक्ष्म तुकड्यांशेजारची छापील अक्षरे वाचू लागला.

"हे पाहा. सी. हेही सी. सी म्हंजे कॅपॅसिटर. बोर्ड सांगून राहिला ना तुमाले, कॅपॅसिटर गेला म्हणून. फक्त नंबर सांगत नाही."

खिशातून त्याने कूलरच्या मोटरीचा जळका कॅपॅसिटर काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवला. तो माझ्या अख्ख्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी मोठा होता. "अडीचचा एक जास्तीचा हाय माह्याजवळ. टाकून पाहू का?"

"तो म्हणतो आहे तर टाकून पाहा की," आई म्हणाली.

मी नको म्हटले, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला अद्याप विसरता आलेली नाही. दीडशे रुपये त्याला विनातक्रार मिळाले, वर ताकही मिळाले. चौदा वर्षे मी संगणकाच्या व्यवसायात आहे; नातलगांचे प्रिंटर, शेजाऱ्यांचे वायफाय, एकदा तर भर लग्नमंडपात एका काकांचा विसरलेला पासवर्ड, हे सर्व मी फुकट केले आहे, आणि ताक मात्र मला स्वतःच्या हाताने घ्यावे लागते.

रात्री अकरा वाजता उलगडा झाला. एकाच फोल्डरमध्ये, जवळपास एकाच नावाच्या दोन फाइली होत्या: एक खरी इमेज आणि दुसरी, शेवटी बीमॅप लावलेली, जी इमेजचे कोणते भाग भरलेले आणि कोणते रिकामे आहेत एवढेच सांगते. मी कार्डावर घराऐवजी घराचा नकाशा उतरवला होता. काही किलोबाइटचा नकाशा, म्हणूनच तो क्षणात उतरला! चूक माझीच, पण कार्डाच्या सुरुवातीला असलेला विभागांचा तक्ता बिनदिक्कत पुसून टाकताना डीडीने एका शब्दाने विचारू नये? साडी परत करायला गेले तरी दुकानदार तीनदा विचारतो.

खरी इमेज उतरवली. कर्नलला जागे करणारे यू-बूट आले, लिनक्सचा गाभा असलेले कर्नल आले, ओळींमागून ओळी धावल्या आणि लॉगिन उभे राहिले. मी रूट, हे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे नाव, लिहिले. पासवर्ड कोणी मागितलाच नाही. घरात सगळे झोपलेले होते, कूलर थंडगार वारा फेकत होता, आणि ही बातमी सांगायला मला कोणीही जागे सापडले नाही.

काल कूलरवाल्याचा फोन आला. कूलर बरोबर चालतो ना, हे विचारून झाल्यावर त्याने बोर्डाची चौकशी केली. सुरू झाला, मी म्हणालो.

"कॅपॅसिटर बदलला ना?"

पुन्हा एमएलओ, पुन्हा क्रिस्टेन्सेन, पुन्हा नकाशा, हे सर्व माझ्या जिभेवर आले होते. पण बाहेर ऊन होते, आणि आई समोरच बसून ऐकत होती.

"हो," मी म्हणालो. "बदलला."

"मी म्हटलं होतं."