दवाखान्यात 'हो डॉक्टर', मेडिकलमध्ये 'ए, इकडे बघ'

आमच्या मेडिकलच्या काउंटरवरून समोरच्या दवाखान्यातले बाकडे सरळ दिसते, आणि माझे डोके सर्वांत जास्त त्या बाकड्यानेच फिरवले आहे. त्यावर माणसे दीड-दीड तास निमूट बसलेली असतात. नंबर मागेपुढे झाला, डॉक्टर मध्येच उठून जेवायला गेले, आत जाण्यापूर्वीच फी ठेवून घेतली गेली, तरी कोणी चकार शब्द काढत नाही. तीच माणसे रस्ता ओलांडून आमच्याकडे येतात आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांचा आवाज चढतो. "ए, इकडे बघ. किती वेळ लावतेस?" दीड तास गिळलेला सगळा राग रस्त्याच्या अलीकडे येऊन ओकला जातो, कारण इथे तो ओकला तरी आपले काही बिघडत नाही, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते.

गेली सात वर्षे मी नाशिकच्या एका मेडिकलमध्ये नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. 'उभी आहे' हे अक्षरशः घ्यावे, कारण दुकानात स्टूल एकच आहे आणि त्यावर गल्ला सांभाळणारे काका बसतात. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतर कोणी देऊ नये, आणि माझे नोंदणी प्रमाणपत्र दुकानाच्या परवान्याशेजारी काचेच्या चौकटीत लावलेले आहे. ते वाचायला कोणाला सवड नसते. खोकी उतरवायला ठेवलेला, नुकतेच मिसरूड फुटलेला मुलगा शेजारी दिसला की चिठ्ठी माझ्या हाताला वळसा घालून त्याच्या हातात जाते आणि तो ती पुन्हा माझ्याकडे देतो. तेवढ्यानेही गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडते.

घरात तापाने फणफणलेले लेकरू ठेवून रात्री अकराला धावत आलेला बाप ओरडला, तर मी ते मनावर घेत नाही. मीही ओरडले असते. माझा राग आहे तो सवड असलेल्या माणसांवर. कानाला मोबाइल लावून, माझ्याकडे न पाहता काउंटरवर टिचक्या मारणाऱ्यांवर. पैसे हातात देण्याऐवजी काचेवर भिरकावणाऱ्यांवर. पंधरा गोळ्यांच्या पत्त्यातल्या तीनच गोळ्या हव्यात म्हणून सांगणाऱ्या आणि बॅच नंबर व एक्सपायरी छापलेला तुकडा आमच्याकडे उरावा म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून कात्री लावली, की "जुना माल खपवतेस काय?" असे चारचौघांत विचारणाऱ्यांवर.

सर्वांत जास्त संताप मात्र मी प्रश्न विचारला म्हणून होणाऱ्या अपमानाचा येतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलेले असते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते, म्हणून ती देताना मी दरवेळी वार विचारते. परवा एका गृहस्थांना, आईसाठी औषध न्यायला आले होते ते, मी विचारले, "आजी कोणत्या वारी घेतात?" उत्तर आले, "तुला काय करायचंय? लिहिलंय ते दे ना." चिठ्ठीवर वार लिहिलेला नव्हता. डॉक्टरांना फोन लावते म्हटल्यावर ते मागे वळून रांगेतल्या लोकांना म्हणाले, "वाचता येत नाही आणि बसवतात काउंटरवर." फोन लागला, वार कळला, मी तो पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिला आणि त्यांनी ते पाकीट माझ्या हातातून अक्षरशः हिसकावले. त्या आजींना मी कधी पाहिलेले नाही, पण त्या मंगळवारी गोळी घेतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या मुलाला ते ठाऊक नव्हते.

सवलतीचा विषय काढू नये असे ठरवले होते, पण राहवत नाही. "ऑनलाइन वीस टक्के मिळतात, तुम्ही दहाच देता, लुटारू आहात." किंमत-नियंत्रणाखाली असलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचे मार्जिन २०१३ च्या आदेशाने १६ टक्के धरलेले आहे, त्यातून वीस टक्के कोठून काढायचे ते मालकांनाच विचारावे, मी पगारी माणूस आहे. घासाघीस करायला माझी हरकत नाही, भाजीवाल्याकडे मीही करते, पण त्याला लुटारू म्हणत नाही. इन्सुलिनचेही तेच. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. चार दिवसांनी स्कूटरच्या डिकीतून कोमट झालेले खोके काढून "उघडलेलंसुद्धा नाही, पैसे परत कर" असे म्हणणाऱ्याला मी नकार दिला, तर मी माणुसकी नसलेली ठरते. तेच खोके उद्या त्याच्याच घरच्या कोणाला विकले असते, तर?

आणि मागच्या रविवारचे ते महाशय. पावसाळी संध्याकाळ होती, दुकानात गर्दी नव्हती. त्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर फाटक्या पत्त्याचा फोटो होता, सेफिक्सिम २००. "हे दे, सहा दे." हे अँटिबायोटिक शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत येते. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते, डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. मी चिठ्ठी मागितली.

"घसा धरलाय, मला माहितीये काय लागतं ते. तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही, म्हणूनच चिठ्ठी मागते आहे."

हे उत्तर त्यांना फार लागले. मालकाला बोलाव, तुझ्यासारख्या छप्पन पाहिल्या, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे हे शिकवले नाही का, असे सगळे झाले. शेवटी पाचशेची नोट त्यांनी फेकली, ती काचेवरून घसरून माझ्या पायाशी पडली. काकांनी स्टुलावरून "जाऊ दे ना, देऊन टाक" अशी खूण केली, तिचा राग मला नोटेपेक्षा जास्त आला. मी वाकून नोट उचलली आणि त्यांच्यासमोर ठेवली. ते पाय आपटत गेले.

वीस मिनिटांनी तेच गृहस्थ परत आले. पुढच्या चौकात चिठ्ठी न मागणारे दुकान आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. गाडीवरून न उतरताच त्यांनी पत्ता हवेत हलवला. "बघ, मिळाली की नाही?" मी काही बोलले नाही. त्यांनी पत्ता उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि गाडी तशीच चालू ठेवून विचारले, "ही दिवसातून एकदा घ्यायची की दोनदा?"